उलाळ गाडी आणि जड शेपटी

वाचकांचे प्रश्न : रेडिओ कंट्रोल विमानं

दिवाळीच्या सुट्टीत बांधायला घेतलेली विमानं साधारण संक्रांतीच्या सुमारास पुरी होतात, आणि मग माझ्याकडे एकाच दुखण्याची पत्रं यायला लागतात. सगळं छान झालंय, पण विमान शेपटीवर बसतंय. यंदाही तेच. त्यातलं एक पत्र आकड्यांसकट आलंय. आकडे देणारा वाचक मला फार आवडतो, म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : काका, नमस्कार. मी कागलला राहतो, कारखान्यात शिफ्टला असतो. चार महिने खपून बाल्साचं (हलक्या लाकडाचं) ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, बांधलं. दीड मीटर पंख, वर बसणारा, सरळ चौकोनी, रुंदी २४ सेंटिमीटर. आराखड्यात तोलाची खूण पंखाच्या पुढच्या कडेपासून ६६ मिलिमीटरवर आहे. माझं विमान ८४ वर तोलतं. सगळं धरून वजन १४५० ग्रॅम. मोटरच्या मागची प्लायची भिंत खुणेच्या २६ सेंटिमीटर पुढे आहे. एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) आणि रडर (डावी-उजवीकडे वळवणारी पट्टी) हलवणाऱ्या ९-९ ग्रॅमच्या छोट्या मोटरी, म्हणजे सर्वो, मी शेपटीखालीच बसवले, खुणेच्या ६२ सेंटिमीटर मागे, म्हणजे लांब सळ्यांची कटकट नको. बॅटरी १८५ ग्रॅमची, तिच्यापुढे साडेचार सेंटिमीटर मोकळी जागा आहे. शेपटीच्या उभ्या पट्टीवर ऑइल पेंटने 'अंबाबाई प्रसन्न' लिहून घेतलंय, दोन हात दिलेत. एक मित्र म्हणतो, एलेव्हेटरला डाउन ट्रिम देऊन (रिमोटवरून तो कायमचा थोडा खाली झुकवून) उडव, काही होत नाही. दुसरा म्हणतो, नाकात शिसं भर. किती भरू? वजन वाढून विमान उचललंच नाही तर?

उत्तर : पहिल्या मित्राचं ऐकू नका. ट्रिमने विमानाचं नाक खाली धरून ठेवता येतं, पण तोल काही पुढे येत नाही. बॅडमिंटनचं फूल बघा. कसंही मारा, उलटं उडवा, क्षणात बूच पुढे करूनच जातं. जड बूच पुढे आणि हवेला अडणारी पिसं मागे, एवढ्याने ते जमतं. विमानातही वाऱ्याच्या झोताने नाक वर गेलं तर शेपटीने ते आपणहून खाली आणायला हवं. तोल जसजसा मागे सरकतो तसतशी ही सवय कमी होत जाते, आणि एका जागेच्या मागे गेला की उलटंच होतं. नाक थोडं वर गेलं की आणखी वर जायला बघतं. मग एलेव्हेटर इतका तिखट लागतो की बोटाने नुसती फुंकर घातल्यासारखं केलं तरी विमान उसळतं.

२४ सेंटिमीटरवर ८४ मिलिमीटर म्हणजे ३५ टक्के. चौकोनी पंखाच्या ट्रेनरचा तोल साधारण २५ ते ३० टक्क्यांत हवा, तुमच्या आराखड्यातली खूण साडेसत्तावीसवर आहे, बरोबर आहे. ३५ टक्क्यांवरचं विमान मुरलेला माणूस कदाचित सांभाळून खाली आणेल. पहिलंच विमान, पहिलंच उड्डाण, हाताला घाम सुटलेला, अशा वेळी तुमच्याकडून ते व्हायचं नाही. माझ्याकडून तर झालंच नव्हतं.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातला पॅटर्नमेकर. फौंड्रीच्या ओतकामाला लाकडी पॅटर्न लागतात, ते करण्यात जन्म गेला. लोखंडाचा रस थंड होताना फुटाला एक अष्टमांश इंच आकसतो, तेवढं लाकूड आधीच वाढवून कापायचं, असलं काम. त्यामुळे लाकडातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा तोरा. पहिलं विमान बांधलं तेव्हा शेपटी मजबूत हवी म्हणून बाल्सा बाजूला ठेवून ती प्लायची केली. बाल्साच्या चौपट-पाचपट जड. तोल बघितला तो दोन बोटांवर, अंगणात, वारा असताना, आणि 'चालतंय की' म्हणून रानात घेऊन गेलो. विमान धावपट्टीवरून स्वतःच उचललं. नाक वर, आणखी वर. मी रिमोटची काडी पुढे ढकलली, तर सरळ खाली. ओढली, तर उभं राहिलं, पंखांनी उचलणंच सोडलं आणि शेजारच्या फडात गेलं. सप्टेंबर महिना, ऊस डोक्याच्या वर. दोन तास शोधत होतो. उसाचं पातं कसं कापतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.

विमान सापडलं ते रानमालकाच्या म्हाताऱ्या गड्याला. त्याने ते मधोमध धरलं, हातावर दोनदा झुलवलं आणि म्हणाला, "मिस्त्री, मागं लई भरलंसा की. उलाळ हाय ही."

उलाळ हा शब्द मी तोवर फक्त बैलगाडीला ऐकला होता. ज्यांनी ऊस भरताना बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन चाकांच्या गाडीत मोळ्या मागे जास्त झाल्या की जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं, बैलाच्या गळ्याला फास बसायची वेळ येते. तीच गाडी उलाळ. पुढे जास्त भरलं तर भार मानेवर येतो, बैल वाकून चालतात, पण गाडी कारखान्याच्या काट्यापर्यंत पोचते. विमानाचं अगदी हेच आहे. नाक जड झालेलं विमान रेंगाळत, कुरकुरत का होईना उडतं आणि परत येतं. शेपटी जड झालेलं एकदाच उडतं. आणि आणखी एक बघून ठेवा. गाडी उलाळ झाली की भरणारे गडी काय करतात? चार मोळ्या मागच्या काढून पुढे टाकतात. पुढे दगड ठेवणारा गडी मी अजून बघितलेला नाही.

आता तुमचा हिशेब. तोल १८ मिलिमीटर पुढे आणायचाय. १४५० गुणिले १८ म्हणजे २६,१००. ही तुमची उधारी समजा, ग्रॅम-मिलिमीटरमध्ये. ती नुसत्या शिशाने फेडायची तर शिसं बसणार खुणेपासून २६० मिलिमीटर पुढे, म्हणजे २६,१०० भागिले २६०, शंभर ग्रॅम. दुसऱ्या मित्राचं उत्तर हे. चूक नाही, पण महाग आहे.

मोळ्या सरकवून बघू. बॅटरी साडेचार सेंटिमीटर पुढे ढकला: १८५ गुणिले ४५, ८,३२५ फिटले. फुकटात. बॅटरीखालची वेल्क्रोची पट्टी तेवढी पुढे चिकटवावी लागेल. मग ते शेपटीतले सर्वो. ते तिथे कशाला नेले हो? दोन्ही मिळून १८ ग्रॅमच, पण ६२ सेंटिमीटर लांब. ते पंखाखाली, खुणेच्या ८ सेंटिमीटर मागे आणलेत तर ५४० मिलिमीटर सरकले, ९,७२० फिटले. सळ्या टाकाव्या लागतील. त्या ८ ग्रॅमच्या धरू, त्यांचा मध्य खुणेच्या साधारण ३५ सेंटिमीटर मागे, म्हणजे २,८०० पुन्हा अंगावर आले. निव्वळ फायदा ६,९२०. राहिले १०,८५५. त्याला २६० ने भागा, ४२ ग्रॅम. शंभराचे बेचाळीस झाले. सळ्यांचे आठ धरले तरी पन्नास ग्रॅम वाचले. सळ्यांची कटकट एका संध्याकाळची असते, पन्नास ग्रॅम मात्र दर उड्डाणाला उचलायला लागतात.

तुमच्या विमानात शेपटीचा हात, म्हणजे खुणेपासूनचं अंतर, ६२ सेंटिमीटर आणि नाकाचा २६. म्हणजे शेपटीत एक ग्रॅम वाढला की नाकाला जवळजवळ अडीच ग्रॅम द्यावे लागतात. हे ध्यानात ठेवून त्या रंगाकडे बघा. ऑइल पेंटचे दोन हात शेपटीवर! देवीचं नाव खरवडायला मी सांगणार नाही. पुढच्या वेळी नाकावर लिहा. तिथे रंगाचं वजनही कामी येतं आणि दर्शनही आधी होतं. शेपटी रंगवायचीच असेल तर रंगीत फिल्म इस्त्रीने चिकटवा.

शिसं घालण्याआधी आणखी एक विचार करा. वजन घालायचंच आहे तर कामाचं का घालू नये? प्लॅस्टिकच्या स्पिनरऐवजी (प्रॉपेलरवरच्या टोपीऐवजी) ॲल्युमिनियमचा, पुढच्या चाकाला जाड तार, किंवा पुढची बॅटरी घेताना २२०० ऐवजी ३००० एमएएचची. ती साठ-सत्तर ग्रॅम जड भरते. एवढी पुढे बसली तर तुमचे ४२ ग्रॅम बरेचसे त्यातच भागतील, वर चार मिनिटं जास्त उडाल. पण नुसत्या तोलासाठी नवी बॅटरी घ्या असं मी म्हणणार नाही, किंमत बघितलीय मी.

वजनाची भीती मात्र काढून टाका. १४५० मध्ये ४२ म्हणजे तीन टक्केसुद्धा नाही. जमीन सोडायला दोन-चार पावलं जास्त लागतील, उतरताना किंचित वेग जास्त. कळणारही नाही. नाकात वजन घालावं लागलं म्हणजे बांधणी फसली असंही नाही. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची हुबेहूब मॉडेलं करणाऱ्यांना विचारा. त्या खऱ्या विमानांचं नाक आखूड, कारण आत जडजूड फिरतं इंजिन होतं. मॉडेलात तिथे हलकी मोटर बसते, मग पाव-पाव किलो शिसं भरावं लागतं. आणि १९०४ साली खुद्द राइट बंधूंनी आपल्या दुसऱ्या विमानाच्या पुढच्या टोकाला सुमारे ७० पौंड लोखंडी कांबी बांधल्या होत्या, ३२ किलो! ते विमान नाक वर-खाली करत डुलक्या घ्यायचं म्हणून. तुम्हाला ४२ ग्रॅमची कसली लाज?

आता काय घालायचं. शिशाचं नाव सगळे घेतात कारण ते लहान जागेत मावतं. ४२ ग्रॅम शिसं पावणेचार सीसी, तेवढंच लोखंड सव्वापाच सीसी. दीड सीसीचा फरक. तुमच्या नाकात एवढी जागा नसेल असं मला वाटत नाही. म्हणून मी ट्रेनरला सरळ नट वापरतो. ८ मिलिमीटरच्या बोल्टचा नट साधारण ५ ग्रॅमचा, बोल्टचंही वजन धरून लागतील तेवढे नट त्यावर ओवले की काम झालं, आणि पुढे एखादा कमी करायचा तर पान्याने काढता येतो. नाहीतर टायरवाल्याकडे चाकं तोलायच्या चिकटपट्ट्या मिळतात, ५-५ आणि १०-१० ग्रॅमचे तुकडे पाडलेल्या. काहीही घ्या, वजन करूनच घ्या. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. माझा एक दोस्त गुजरीत सोनार आहे, मी त्याच्याकडे जातो. नट तोळ्यात मोजताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

बसवायचं कुठे? जेवढं पुढे तेवढं थोडं लागतं. मोटरच्या मागच्या भिंतीलाच, मोटरच्या हवेची वाट आणि रिसीव्हरची अँटेना सोडून. आणि कसं बसवायचं, यावर मी जरा रागानेच लिहितो. नुसत्या चिकटपट्टीवर सोडू नका. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या उन्हात बंद नाकात ती पट्टी लोण्यासारखी होते. वजन सुटून मागे घरंगळलं की एका क्षणात विमान उलाळ, तेही हवेत. त्याहून वाईट म्हणजे विमान आदळलं तर बसलेल्या धक्क्याने लोखंडाचा गोळा लिपो बॅटरीत घुसतो आणि बॅटरी पेट घेते. भिंतीला आरपार बोल्ट घ्या, मागून वॉशर आणि लॉकनट, वर इपॉक्सीचा थेंब. फौंड्रीत साच्याच्या पेटीवर वजनं ठेवतात, नाहीतर आत ओतलेला रस वरची पेटी उचलतो. तिथे वजन ठेवणारा माणूस ते हलवून बघितल्याशिवाय बाजूला होत नाही. तुम्हीही हलवून बघा.

तोल बघतानाच्या चार गोष्टी. सगळं जागेवर हवं, प्रॉपेलर, स्पिनर, चाकं, झाकण, बॅटरी. बॅटरी जागेवर पण जोडलेली नको, बोटं प्यारी असतील तर. घरातला पंखा बंद करा. माझी सून एकदा स्वयंपाकघरातून येऊन पंखा लावून गेली आणि मी अर्धा तास दहा ग्रॅम काढतोय-घालतोय. पंखाखाली खुणेवर दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा म्हणजे बोटांना जागा कळते. बोटांपेक्षा लाकडी फळीवर दोन उभ्या काठ्या ठोकून टोकाला पेन्सिलीचं खोडरबर लावलेलं बरं, बोट थकतं आणि खोटं बोलतं. विमान आडवं राहिलं किंवा नाक अगदी किंचित खाली झुकलं की थांबा. पंख खाली असणारं विमान असेल तर ते उलटं करून तोला, सुलटं केलं तर कलंडतच राहील. जाता जाता आडवा तोलही बघा. मोटरचा शाफ्ट आणि शेपटीचं टोक धरून उचला, एकच पंख सारखा खाली जात असेल तर दुसऱ्याच्या टोकात एखादा खिळा.

पहिल्या उड्डाणासाठी पहाटेची वेळ घ्या, वारा पडलेला असतो. ऊस तुटून गेलेलं रान मिळालं तर सोन्याहून पिवळं. कागल उजळाईवाडीच्या विमानतळापासून फार लांब नाही, तेव्हा आपलं रान डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर कुठल्या रंगात येतं ते आधी बघा. लाल-पिवळ्यात परवानगीशिवाय उडवता येत नाही.

प्रश्न : माझ्या विमानाचा पंख निमुळता आहे. मुळाशी २८ सेंटिमीटर, टोकाशी १८. आराखडा जुना, तोलाची खूणच नाही. २५ टक्के कशाचे काढू, २८ चे की १८ चे? (गडहिंग्लज)

उत्तर : दोन्हीचे नाही, आणि दोन्हींची सरासरी २३ सुद्धा नाही, जरी ती जवळ येते. जाड कागदावर एका बाजूचा पंख पुरत्या मापात काढा. मुळाच्या रेघेला मागच्या कडेपलीकडे टोकाची रुंदी जोडा, म्हणजे १८ सेंटिमीटर. टोकाच्या रेघेला पुढच्या कडेपुढे मुळाची रुंदी जोडा, २८. ही दोन टोकं तिरक्या रेघेने जोडा. आता मुळाच्या रुंदीचा मध्य आणि टोकाच्या रुंदीचा मध्य जोडणारी दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथली पंखाची रुंदी धरायची. तुमच्या पंखात ती २३.४ सेंटिमीटर येईल. तिचे २५ टक्के म्हणजे ५८ मिलिमीटर. पुढची कड सरळ असेल तर हे माप थेट मुळाशी घ्या. कड मागे ओढलेली असेल तर मात्र ते ५८ छेदाच्या जागेवरच मोजायचे आणि तिथून विमानाच्या मधल्या रेघेला काटकोनात रेघ आणायची. इथे बरेच जण चुकतात, मुळाशीच मोजतात, आणि तोल वीस-तीस मिलिमीटर पुढे धरून नाकात नको तेवढं शिसं भरतात. आकडेमोड करून उत्तर काढण्यापेक्षा मला कागद आवडतो. तो कापून पंखावर ठेवून बघता येतो.

प्रश्न : दादा, माझा मुलगा नववीत आहे. विमानाच्या नाकात घालायला तो जुन्या बॅटरीचं आणि जाळ्याचं शिसं गोळा करतो आणि चहाच्या जुन्या पातेल्यात गॅसवर वितळवून काडेपेटीच्या खोक्यात ओततो. खिडकी उघडी ठेवतो. हे चालतं का? (शाहूपुरी)

उत्तर : ताई, नाही चालत. आजच बंद करा.

शिसं ३२७ अंशांना वितळतं, घरच्या गॅसवर सहज. त्यामुळेच मुलांना ते खेळण्यासारखं वाटतं. वर जी राखट साय येते ती, तिची भुकटी, वाफ, सगळं अंगात जातं, आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूला त्याचा त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच माहीत नाही. खिडकी उघडी ठेवून ती भुकटी ओट्यावरून उडत नाही. बॅटरीतल्या शिशाला तर आम्लही असतं. आणि दुसरी भीती मी फौंड्रीत डोळ्यांनी बघितली आहे. साच्यात थेंबभर ओल राहिली की ओतलेला धातू आतल्या वाफेने वर उडतो. काडेपेटीचं खोकं पावसाळ्यात किती कोरडं असतं?

ते पातेलं पुन्हा चहाला नको, भांडी घासायच्या जागी सुद्धा नको. ओटा कोरड्या फडक्याने झटकू नका, ओल्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. त्याने हे बऱ्याच वेळा केलं असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या, साधी तपासणी आहे. मुलाला रागावू मात्र नका. त्याला विमान तोलायचं आहे, तेवढंच. वर लिहिलेले नट त्याला आणून द्या. तयार शिशाचे तुकडे वापरलेच तर ते दाताने चावून बसवायचे नाहीत, कानशीने घासायचे नाहीत, आणि हात लावल्यावर साबणाने धुवायचे.

प्रश्न : काका, मी बारावीत आहे, राजारामपुरीत राहते. माझं विमान १२०० ग्रॅमचं, पंखाची रुंदी २२ सेंटिमीटर. सगळे म्हणाले नाक जड कर, म्हणून पाच रुपयांची जुनी जाड १० नाणी नाकात बसवली. आता तोल ४४ मिलिमीटरवर येतो. नाणी तिथून २४ सेंटिमीटर पुढे आहेत. विमान उडतं, पण एलेव्हेटर खूप ओढून धरावा लागतो आणि उतरताना नाक खालीच. पुढचं चाक दोनदा वाकलं.

उत्तर : ती जुनी नाणी ९ ग्रॅमची, म्हणजे तू ९० ग्रॅम घातलेस. तोल २० टक्क्यांवर नेलास. गाडी उलाळ नाही, पण बैलांच्या मानेवर आलीय. नाक जड असलं की शेपटीला सतत खाली दाबावं लागतं, तो भारही पंखच उचलतो, आणि विमान हळू झालं की शेपटीत जोर उरत नाही. म्हणून उतरताना नाक धरता येत नाही. ट्रिम वाढवून हे दुखणं जाणार नाही, वजनच काढ.

तुझ्या विमानात एक नाणं म्हणजे पावणेदोन ते दोन मिलिमीटर. सहा काढलीस की तोल ५५ वर येतो, बरोबर २५ टक्के. चारच राहू देत. पण एकदम सहा काढू नकोस. आधी दोन काढ, ट्रिम पुन्हा लाव, उडव, मग पुढची दोन. असं केलं की हाताला फरक कळत जातो. वर्षभर पुस्तक वाचून जे कळत नाही ते एका सकाळी कळतं. (बारावी आहे हे विसरून लिहिलं, पुस्तकही वाच.)

५५ वर आल्यावर एक परीक्षा घे. चांगली उंची घे, थ्रॉटल (मोटरचा वेग) बंद कर, विमान सरळ पंखांनी तिरकं खाली सोड, साधारण तीस-चाळीस अंशात, आणि काडी सोड. आपणहून झपकन वर उठलं तर नाक अजून जड. हळूहळू, आळसावल्यासारखं वर आलं तर झालं काम. सोडल्या रेषेत तसंच खाली जात राहिलं तर तू टोकाला आलीस, आणखी मागे जाऊ नकोस. आणि नाक आणखी खाली मुडपायला लागलं तर लगेच ओढून सावर, उतरव आणि एक नाणं परत घाल. मोटरचा रोख चुकलेला असला तर थ्रॉटल चालू ठेवून ही परीक्षा खोटं सांगते, म्हणून बंदच हवं. सुरुवातीला ट्रिम सरळ उड्डाणाला नीट लावलेली असली पाहिजे, नाहीतर तू तोलाची नव्हे, ट्रिमची परीक्षा घेशील.

नाणी कापू किंवा वितळवू मात्र नकोस, कायद्याने गुन्हा आहे. तशी ती तुला सुट्टे पैसे म्हणून परत मिळतीलच.

प्रश्न : इंजिनाचं विमान तोलताना टाकी भरलेली हवी की रिकामी? (इचलकरंजी)

उत्तर : रिकामी. टाकी बहुतेक विमानांत खुणेच्या पुढे असते, इंधन जळत गेलं की नाक हलकं होत जातं. भरलेल्या टाकीवर तोललेलं विमान उतरायच्या वेळी, म्हणजे नेमकं नको तेव्हा, शेपटीकडे जड झालेलं असतं. टाकी पंखाच्या बरोबर खाली असेल तर फरक पडत नाही, तरी रिकामीच करा. खोलीत इंधनाचा वास कोणाला हवाय?